ठिबकच्या नळीला आतून पॉलिमरच्या साखळ्या बसवल्या तर?

सुकीकाठची
नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जळगावला. प्रोजेक्टचा विषय या महिन्यात द्यायचाय, आणि इथे शेतीवाले पण आहेत आणि एमआयडीसीवाले पण, म्हणून इथेच विचारतेय.
घन वस्तूच्या पृष्ठभागावर पॉलिमरच्या साखळ्या एका टोकाने पक्क्या बांधता येतात. नुसता लेप नाही, खरा रासायनिक बंध. याला ग्राफ्टिंग म्हणतात. साखळ्या पुरेशा दाट बसल्या की आत काच आहे का प्लास्टिक आहे याने बाहेरच्याला काही फरक पडत नाही, त्याची गाठ फक्त साखळ्यांशी पडते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणजे पेगच्या साखळ्या बसवल्या तर त्यावर प्रथिनं आणि बॅक्टेरिया सहसा चिकटत नाहीत.
आता आमच्या रावेर भागात मृगबाग असो का कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम), केळी म्हटली की ठिबक आलंच आणि ठिबक म्हटलं की चोकअप आलं. बुळबुळीत थर, शेवाळ, पांढरे क्षार. मग लॅटरलच्या (झाडांच्या ओळीतल्या नळीच्या) आणि ड्रिपरच्या आतून अशा साखळ्या बसवल्या तर हे चिकटणारच नाही ना? की यात काही मोठी अडचण आहे जी मला दिसत नाहीये? मोकळेपणाने सांगा.

मास्टरबॅच
विषय चांगलाय ताई. पण पहिली अडचण लगेच सांगतो. लॅटरल असते एलएलडीपीईची, म्हणजे एका जातीच्या पॉलिइथिलीनची. पॉलिइथिलीनला बंध करायला जागाच नाही, नुसते कार्बन आणि हायड्रोजन. काचेवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) असतात, कापसावर असतात, इथे काय धरणार?

ठिबकवाला_चोपडा
मी ठिबकच्याच धंद्यात आहे, चोपडा-यावल पट्टा. रसायन मला फार कळत नाही पण चोकअप रोज बघतो म्हणून लिहितो. चोकअप एका प्रकारचं नसतं. ड्रिपर कापून बघा. आत नागमोडी वाट असते, पाण्याचा जोर मोडायला केलेली, जेमतेम मिलिमीटरभर रुंद. विहिरीचं जड पाणी असेल तर त्या वाटेच्या वळणावळणावर पांढरी खरखरीत खपली बसलेली दिसते, नखाने निघत नाही. नदीचं किंवा शेततळ्याचं पाणी असेल तर तपकिरी-हिरवी बुळबुळ, बोटाला लागते, वास येतो. आणि काही बोअरला लोखंड असतं तिथे विटकरी गाळ. बहुतेक ठिकाणी हे सगळं एकत्रच असतं, बुळबुळीत बारीक माती अडकते आणि त्यावर क्षार बसतो.
यावर आज काय करतात तर क्षाराला ऍसिड, म्हणजे पाण्याचा पीएच चारच्या आसपास आणून नळ्यांत भरून ठेवायचं आणि मग शेवटचे एंड कॅप उघडून फ्लश करायचं. बुळबुळीला क्लोरीन. दोन्ही कधीच एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो, हे शेतकऱ्यांना मी प्रत्येक वेळी सांगतो.
तुमच्या साखळ्या ऍसिडला आणि क्लोरीनला टिकतील का?

तापीतीर
भुसावळचा आहे, पीएच.डी. पॉलिमर ब्रशवरच केली, सध्या बाहेर असतो. हा विषय इथे निघाला म्हणून फार बरं वाटलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.
पृष्ठभागावर साखळी बसवायच्या दोन वाटा. एक, साखळी आधी बनवायची, तिच्या टोकाला चिकटणारा गट ठेवायचा आणि मग ती पृष्ठभागावर नेऊन जोडायची. सोपी आहे, पण पहिल्या काही साखळ्या बसल्या की त्या गुंडाळून पसरतात आणि नंतर येणाऱ्यांची वाट अडवतात, त्यामुळे दाटी होत नाही. दुसरी वाट म्हणजे पृष्ठभागावर फक्त सुरुवात करून देणारा रेणू बसवायचा आणि साखळी तिथूनच वाढवायची. वाढत्या टोकाशी फक्त छोटे मोनोमर, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्या, पोचायचे असतात, त्यांना वाट सापडते, म्हणून दाटी खूप जास्त मिळते.
दुसऱ्या वाटेला खरा जोर आला १९९५ नंतर, त्या वर्षी पिट्सबर्गला मातियाशेव्हस्की आणि क्योटोत सावामोतो यांनी स्वतंत्रपणे एटीआरपी पद्धत मांडली. त्यात तांब्यासारख्या धातूच्या साहाय्याने साखळीचं टोक बहुतेक वेळ झोपवून ठेवतात आणि अधूनमधून जागं करतात, म्हणून सगळ्या साखळ्या साधारण सारख्या लांबीच्या वाढतात. मग लोकांनी हेच सिलिकावर, सोन्यावर, कापसावर करायला सुरुवात केली.
दाटी एवढी महत्त्वाची का? विरळ असतील तर साखळ्या पृष्ठभागावर गोळा होऊन पडून राहतात, मधली जागा उघडी पडते आणि बॅक्टेरियाला तेवढी पुरते. दाट झाल्या की एकमेकींना ढकलून ताठ उभ्या राहतात. केळी दाट लावली की उजेडासाठी उंच उंच जाते तसंच, फक्त इथे उजेडाऐवजी शेजारणीची गर्दी चुकवायची असते. याचं गणित अलेक्झांडरने १९७७ मध्ये आणि द जेन्सने १९८० मध्ये मांडलं. उंची साखळीच्या लांबीच्या सरळ प्रमाणात वाढते पण दाटीच्या घनमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दाटी आठपट केली तर उंची फक्त दुप्पट होते.
मास्टरबॅच भाऊ, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्यावर रात्री लिहितो.

भरीतपुरी
मी गृहिणी, पण बी.एस्सी. केमिस्ट्री केलेलं आहे आणि असे धागे आवडीने वाचते. नॉनस्टिक तवा पण असाच का? साखळ्या बांधलेल्या? आमच्याकडे भरताचं वांगं भाजून झालं की सगळा मसाला त्याच तव्यावर होतो.

तापीतीर
नाही भरीतपुरी ताई, तव्याचं उलट आहे. टेफ्लॉन कशालाच चिकटत नाही, मग ते ऍल्युमिनियमला तरी का चिकटावं? म्हणून आधी धातूवर वाळू मारून तो खरबरीत करतात, मग दुसऱ्या रेझिनचा प्रायमर, आणि वर टेफ्लॉनचे कण पसरून साधारण ४०० अंशाच्या भट्टीत वितळवून एकजीव करतात. खाचाखोचांत अडकून बसलेलं असतं ते, टोकाला रासायनिक गाठ नाही. म्हणून तर ओरखडा पडला की तिथून सालटं निघत जातात.

भरीतपुरी
म्हणजे लाकडी उलथनंच बरं. धन्यवाद.

धुळे_छपाई
मास्टरबॅच म्हणतात पॉलिइथिलीनला धरायला जागा नाही, बरोबर, पण जागा करता येते आणि आम्ही ती रोज करतो. माझा धुळ्याला कॅरीबॅग-पाऊच छपाईचा छोटा कारखाना आहे. साध्या पॉलिइथिलीन फिल्मवर शाई मारली तर वाळल्यावर सेलोटेप लावून ओढली की अख्खी अक्षरं टेपवर येतात. म्हणून फिल्म आधी कोरोना ट्रीटरमधून काढतो. उच्च दाबाच्या विजेच्या ठिणग्या फिल्मवर पडतात, निळसर जांभळा उजेड दिसतो, ओझोनचा वास येतो, आणि पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात ऑक्सिजनचे गट तयार होतात.
झालं की नाही ते डाईन पेनने बघायचं, म्हणजे ठरावीक पृष्ठताणाची शाई भरलेल्या पेनने. ३८ चं पेन फिल्मवर ओढा. रेघ दोन सेकंद अखंड राहिली तर पास, थेंब थेंब होऊन आकसली तर नापास. ट्रीट न केलेली फिल्म साधारण ३१ ची असते, आणि पाण्याचा पृष्ठताण ७२, म्हणून पाणी तिच्यावर गोळा होतं.
पण एक लक्षात ठेवा, ही ट्रीटमेंट टिकत नाही. रोल गोडाऊनमध्ये पडून राहिला की उतरते. फिल्म सुळसुळीत राहावी म्हणून आत घातलेलं स्लिप वर येतं, आणि साखळ्या पण फिरून ऑक्सिजनची बाजू आत घेतात असं सांगतात. म्हणून ताई, नुसती कोरोना करून थांबू नका, लगेच तिथे साखळी बांधा.
आणि १६ एमएमच्या नळीच्या आतून कोरोना कसा मारणार ते मला अजून कळत नाही.

अहिरानी_भो
हाई बठ्ठं समजनं भो, पन ठिबक चोक व्हस त्यानं काय?

सुकीकाठची
अहिरानी भो, तेच विचारतेय ना मी पण :)
धुळे भाऊ, तुमचा डाईन पेनचा मुद्दा फार उपयोगी. ठिबकवाले दादा, तुमचं ऍसिडचं ऐकून मी विचारात पडले, कारण पुस्तकातले बरेचसे जोड एस्टरचे आहेत आणि एस्टर ऍसिडमध्ये पाण्याने तुटतो.

गुरुजी_अमळनेर
मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक. तीन प्रतिसाद झाले मला एक गोष्ट खटकते आहे. जोडलेली साखळी आणि चिकटलेली साखळी यात तुम्ही सगळे जोडलेलीलाच उच्च मानता. माझं मत वेगळं आहे. काजळ पाण्यात टाकलं तर गुठळ्या होऊन तळाला बसतं. त्यात बाभळीचा डिंक खलला की तीच काळी शाई वर्षानुवर्षं गुठळी न होता राहते. डिंकाची साखळी काजळीच्या कणावर ठिकठिकाणी चिकटते आणि तिचे लूप बाहेर पाण्यात राहतात, दोन कण जवळ आले की लूप एकमेकांना आत येऊ देत नाहीत. इथे कुठेही सहसंयुज बंध नाही. आमच्या वडिलांच्या दुकानातल्या वह्या अशा शाईने लिहिलेल्या आहेत आणि आजही वाचता येतात. एकेका जागी चिकटण्याचा जोर कमी, पण एका साखळीच्या शेकडो जागा एकाच वेळी सुटणं अवघड. मग एवढा तांब्याचा, निर्वाताचा खटाटोप कशाला?

तापीतीर
गुरुजी नमस्कार. शाईचं उदाहरण अगदी योग्य, आणि शाईला तेवढं पुरेसं पण आहे. पण मला दोन कारणांनी मान्य नाही. एक, चिकटलेल्या साखळीची जागा दुसरा जास्त चिकट रेणू घेऊ शकतो. नळीतून तर रोज खतं, ह्युमिक, बॅक्टेरियांनी सोडलेली प्रथिनं जातात, ती हळूहळू जागा बळकावतात. दोन, चिकटलेली साखळी आडवी पसरते, ताठ उभी राहत नाही, तर ती दाट भिंत मिळतच नाही. जिथे वाहत्या पाण्यात वर्षभर टिकायचं आहे तिथे बांधावीच लागते.
आता मास्टरबॅच भाऊंना राहिलेलं उत्तर. पॉलिइथिलीनला हात नाही हे खरं, पण बेंझोफेनोन नावाचा साधा रेणू आहे. त्यावर अतिनील प्रकाश पडला की तो शेजारच्या कार्बनचा हायड्रोजन ओढून घेतो आणि कार्बनवर मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार शोधणारं मोकळं टोक, तयार होतं. तिथूनच साखळी वाढवायची. आधी काहीच गट लागत नाही.
हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. जपानमध्ये कृत्रिम खुब्याच्या सांध्यात पॉलिइथिलीनची वाटी असते, तिच्या घासून निघालेल्या कणांमुळे आजूबाजूचं हाड झिजतं आणि सांधा सैल होतो. तिथे बेंझोफेनोन आणि प्रकाश वापरून एमपीसी नावाच्या पॉलिमरचा १०० ते १५० नॅनोमीटरचा थर वाटीवर वाढवतात. पेशींच्या आवरणात जे फॉस्फोलिपिड असतं त्याच्या डोक्यासारखा गट त्या साखळीवर असतो आणि तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे घर्षण खूपच घटतं. क्योसेराचा असा सांधा जपानमध्ये २०११ मध्ये मंजूर झाला. पॉलिइथिलीनवर ग्राफ्टिंग करून माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं चालवतात, म्हणजे जमत नाही असं नाही.
पण तो सांधा एकेक, हाताळता येणारा, महाग. ठिबकची नळी मीटरवर विकतात. खर्चाचं गणित तिथे बिघडतं.

मास्टरबॅच
मान्य, बेंझोफेनोन ऐकलं होतं पण असं वापरतात हे माहीत नव्हतं.

ठिबकवाला_चोपडा
आणि पांढऱ्या क्षाराचं काय? त्याला काही प्रथिनं लागत नाहीत. पाणी तापलं, बाष्पीभवन झालं, कार्बन डायऑक्साईड उडाला की कॅल्शियम कार्बोनेट बसतं. दुपारच्या उन्हात काळी नळी हात लावू देत नाही, मोटर बंद असते तेव्हा ड्रिपरच्या तोंडाशी थेंब वाळतो आणि तिथेच खपली सुरू होते. साखळी काय थांबवणार?

तापीतीर
पेग नाही थांबवणार, सरळ उत्तर. काही आम्लगट असलेल्या साखळ्या स्फटिक वाढायला अडथळा करतात, पण त्याच साखळ्या कॅल्शियम धरतात आणि दबून बसतात, जड पाण्यात तर लगेच. ताई, तुमच्या भागात खरी डोकेदुखी क्षाराची असेल तर साखळ्यांपेक्षा गाळणी, फ्लशिंग आणि ऍसिड हेच उत्तर आहे. माझं मत, हा विषय प्रोजेक्टला घेऊ नका.

कापूसवेचणी
शिंदखेडा, कोरडवाहू कापूस. वाचत होतो, मधेच विचारतो. ते पाणी धरून ठेवणारं हायड्रोजेल मिळतं, पुसाचं, ते पण याच प्रकारातलं का? आमच्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा कामी येईल असं सांगतात.

गुरुजी_अमळनेर
हो, जवळचंच आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेचं हायड्रोजेल सेल्युलोजच्या कण्यावर ऍक्रिलेटच्या साखळ्या ग्राफ्ट करून आणि एकमेकींत अडकवून बनवलेलं आहे. सेल्युलोजवर साखळी वाढवायची जुनी रीत म्हणजे सेरिक अमोनियम नायट्रेट. सेरियम सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण करताना त्यावरच मूलक तयार करतं, म्हणून साखळी बहुतांशी तिथूनच वाढते. १९५८ पासून वापरात आहे. आम्लगट पाण्यात ऋणभारित होतात, एकमेकांना ढकलतात आणि जाळी फुगते.
शुद्ध पाण्यात वजनाच्या साडेतीनशेपट पाणी घेतं असं म्हणतात. पण ते शुद्ध पाण्यात. तुमच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम त्या आम्लगटांना जोडीने धरतं आणि फुगणं बरंच कमी होतं. पावसाचं पाणी धरायला वापरा, बोअरच्या भरवशावर नको. हेक्टरी अडीच ते पाच किलो मुळाजवळ टाकतात.

कापूसवेचणी
हे कुणीच सांगितलं नव्हतं गुरुजी. आभारी आहे. एका पट्ट्यात टाकून बघतो, शेजारचा पट्टा तसाच ठेवून.

सुकीकाठची
तापीतीर दादा, विषय घेऊ नका म्हणालात तेव्हा जरा हिरमुसले. पण मग काय घेऊ ते पण सांगा ना. आमच्या लॅबमध्ये हवा काढून टाकायची निर्वाताची लाईन नाही, ग्लोव्हबॉक्स (हवाबंद पेटी) तर नाहीच. एफटीआयआर (रेणूतले बंध ओळखणारं यंत्र) आहे, ओव्हन आहे, सॉक्सलेट (गरम द्रावकाने परत परत धुणारं काचेचं उपकरण) आहे, अतिनील दिवा आहे.

तापीतीर
ऑक्सिजनला न घाबरणारी एक पद्धत सांगतो. पॉलिडोपामिन. २००७ मध्ये मेसरस्मिथच्या गटाने दाखवलं. समुद्रातले शिंपले ओल्या खडकाला ज्या प्रथिनाने चिकटतात त्यात कॅटेकॉल गट असतो, तोच डोपामिनमध्ये आहे. ट्रिस बफर, पीएच ८.५, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन हायड्रोक्लोराईड, आणि उघड्या भांड्यात ढवळत ठेवा. पाण्यासारखं द्रावण आधी फिकट गुलाबी, मग तपकिरी, मग काळं होतं. त्यात काहीही बुडवा, काच, स्टील, अगदी टेफ्लॉन सुद्धा, त्यावर पातळ काळपट थर बसतो, दिवसभरात साधारण ५० नॅनोमीटर. त्या थरावर टोकाला अमाईन किंवा थायोल असलेला पेग मुरवला की जोडला जातो. ही पहिल्या वाटेची पद्धत आहे म्हणून दाटी मध्यमच मिळेल, पण कॉलेजात जमेल.
एक कळकळीची सूचना. काच धुवायला पिरान्हा द्रावण, म्हणजे गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साईड, असं बऱ्याच पेपरात लिहिलेलं असतं. शिकवणारं कोणी जवळ नसेल तर करू नका. ऍसिटोनचा थेंब जरी राहिला तरी स्फोट होऊ शकतो. कॉस्टिक सोड्यात धुवून भरपूर पाणी मारलं तरी प्रोजेक्टपुरतं चालतं.

केळीचा_चीक
पॉलिडोपामिन वाचून धागा उघडला. आमचं सगळं घर केळी कापणीत असतं. चिकाचा डाग कपड्याला पडला की कपडा गेला, किती पण धुवा. ओला असताना दिसत पण नाही, वाळला की तपकिरी होतो आणि मग निघत नाही. ते हेच आहे का?

गुरुजी_अमळनेर
जवळचं नातं आहे. केळीत डोपामिन असतं, सालीत तर भरपूर, आणि कापलेलं केळं काळं पडतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. चिकात टॅनिन आणि तशाच जातीची फिनॉल असतात. हवेने त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, रेणू एकमेकांत जोडून मोठे होतात आणि कापसाच्या धाग्यात धरून बसतात. म्हणून डाग वाळायच्या आत धुतला तर बराचसा जातो, हवा लागून एकदा काळा झाला की नाही.

केळीचा_चीक
आईला वाचून दाखवतो. ती म्हणायची वाळू देऊ नका.

मास्टरबॅच
सुकीकाठची ताई, आता माझ्या कामातलं सांगतो आणि तुम्हाला विषय पण देतो. मी जळगाव एमआयडीसीत कंपाऊंडिंगला आहे. तापीतीर साहेब जे नॅनोमीटरचं सांगतात ते आम्ही टनावारी करतो, फक्त नाव तसं घेत नाही.
पॉलिप्रॉपिलीनला पण हात नाहीत. मग ट्विन स्क्रूमध्ये (प्लास्टिक वितळवून मिसळायच्या मशिनमध्ये) थोडं पेरॉक्साईड आणि मॅलेइक (आम्ही मॅलिकच म्हणतो) अनहायड्राईड टाकून तिथेच साखळीवर अनहायड्राईड बसवतात. साधारण एक-दोन टक्के. पेरॉक्साईड जास्त झालं की पीपीच्या साखळ्या तुटतात, एमएफआय चढतो, म्हणजे वितळलेला माल पातळ होतो, बाहेर येणारी दोरी म्हणजे स्ट्रँड तुटायला लागते, म्हणून डोस सांभाळावा लागतो. हा माल कपलिंग एजंट म्हणून तयार पण मिळतो.
आता केळीचा घड कापला की खोड बांधावर पडून सडतं. त्यातून धागा काढणारी मशिनं आपल्याकडे आलीत. हा धागा साध्या पीपीत (पॉलिप्रॉपिलीनमध्ये) मिसळून डंबेल, म्हणजे तपासणीचा नमुना, मारला आणि ओढून तोडला, तर तुटलेल्या तोंडावर काय दिसतं? धागे स्वच्छ, गुळगुळीत उपसून बाहेर आलेले, आणि समोरच्या तुकड्यावर त्यांची रिकामी भोकं. म्हणजे पीपीने धाग्याला धरलेलंच नव्हतं, धागा नुसता जागा अडवून बसला होता. तीन-चार टक्के मॅलिक पीपी टाकून तेच करा. आता धागे तोंडाशीच तुटलेले, त्यांच्या अंगाला पीपी लागलेलं. अनहायड्राईडने धाग्याच्या हायड्रॉक्सिलला धरलं, एस्टर झाला, आणि त्या साखळीचं लांब शेपूट बाजूच्या पीपीत गुंतलं. घन पृष्ठभागाला पॉलिमरची साखळी बांधणं म्हणतात ते हेच.

धुळे_छपाई
यात ओलाव्याचं काय करता? केळीचा धागा तर पाणी पितो.

मास्टरबॅच
तोच खरा घात आहे. ओला धागा गेला तर अनहायड्राईड आधी पाण्याशी जोडतं, ऍसिड होतं आणि धाग्याला धरायला शिल्लक कमी उरतं. वर स्ट्रँडमध्ये वाफेचे फुगे. म्हणून धागा आधी पातळ कॉस्टिकने धुवून मेण-डिंक काढायचा, पाण्याने पीएच सरळ करायचा, मग ओव्हनला रात्रभर ८० अंशाला सुकवून लगेच वापरायचा. बॅरलचं तापमान १७० ते १९० मध्ये ठेवायचं. पीपी साधारण १६५ ला वितळतं आणि २०० च्या वर सेल्युलोज जळायला लागतं, माल तपकिरी होतो, वास येतो. मधली पट्टी एवढीच.

अहिरानी_भो
यानी चटई व्हई का भो?

मास्टरबॅच
चटईच्या बारीक पट्टीत धागा अडकेल भो, पट्टी तुटेल. जाड मालाला चालेल. क्रेट, कुंड्या, केळीच्या रोपांचे ट्रे.

ठिबकवाला_चोपडा
ट्रेचं एकदम पटलं. टिश्यू कल्चर रोपांसोबत येणारे ट्रे लगेच फाटतात.

तापीतीर
मास्टरबॅच भाऊ, मानलं. ताई, हा विषय घ्या. टायरमध्ये सुद्धा हेच तत्त्व आहे. १९९० च्या दशकात टायरमध्ये काजळीऐवजी सिलिका टाकायला लागले ते गंधक असलेल्या सिलेनमुळे जमलं. सिलेनचं एक टोक सिलिकाच्या हायड्रॉक्सिलला बांधतं आणि दुसरं टोक व्हल्कनायझेशनच्या वेळी रबराच्या साखळीला. त्याने गाडीचं इंधन वाचतं. पृष्ठभागाला साखळी बांधायचं जगातलं सगळ्यात जास्त काम अशाच मोठ्या मालात होतं, आमच्या सोन्याच्या चकत्यांवर नाही.
फक्त प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट सिद्ध करावीच लागेल, की साखळी खरंच बांधली गेली आहे, नुसती चिकटलेली नाही. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

सुकीकाठची
मास्टरबॅच दादा, तापीतीर दादा, ठरलं मग. धाग्याचा प्रश्न नाही, आमच्याच बागेत खोडं पडलेली आहेत आणि गावात एकाकडे मशिन आहे. ते सिद्ध करायचं कसं? माझ्याकडे एफटीआयआर आणि सॉक्सलेट एवढंच.

तापीतीर
तेवढ्यात होतं. धागा मॅलिक पीपीच्या गरम द्रावणात मुरवून घ्या, मग सॉक्सलेटमध्ये गरम झायलीनने चांगला धुवा. जे पीपी नुसतं चिकटलंय ते विरघळून खाली फ्लास्कमध्ये येईल, बांधलेलं धाग्यावरच राहील. धुतल्यावर धागा कोरडा करून एफटीआयआर घ्या, १७४० च्या आसपास एस्टरचं शिखर आणि २९०० च्या आसपास पीपीचे सीएच पट्टे दिसायला हवेत. सोबत साध्या पीपीत मुरवलेला धागा तसाच धुवून घ्या, त्यात पीपीचं काही उरायला नको. हा दुसरा नमुना विसरू नका, त्याच्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. केळीच्या धाग्याच्या हेमिसेल्युलोजचं स्वतःचं शिखर पण साधारण त्याच जागी येतं, म्हणून कॉस्टिकने धुतलेलाच धागा वापरा, कॉस्टिकने ते जातं.
आणि झायलीन फ्यूमहूडमध्येच, उघड्या शेगडीवर नाही.

मास्टरबॅच
मॅलिक पीपीचा नमुना मी आणून देतो, किलोभर पुरेल. धाग्याचे तुकडे पाच-सहा मिलिमीटरचे करून आणा, लांब असले तर हॉपरमध्ये गोळा होतो आणि फीड बंद पडतो. शनिवारी आमची लाईन रिकामी असते, त्या दिवशी छोटा लॉट मारून देतो. साधा, कॉस्टिकवाला आणि मॅलिकवाला असे तिन्ही एकाच दिवशी, एकाच तापमानाला मारू. आणि धागा सीलबंद पिशवीत आणा, रावेरहून उघडा आणला तर जळगावात पोचेपर्यंत परत ओला झालेला असेल.